न चाललेल्या ओळीचा शोध: कोड कव्हरेजची मांडणी नव्या साधनांनिशी कशी सुधारावी

टेस्ट चालवताना कोडमधील कोणता भाग चालला आणि कोणता नाही, याचे मोजमाप म्हणजे कोड कव्हरेज. बहुतेक प्रकल्पांमध्ये त्याचे साधन एकदाच बसवले जाते. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप बांधणी करून टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत, त्याची एक ओळ जोडली जाते, किमान टक्केवारीची अट घातली जाते आणि त्यानंतर त्या मांडणीकडे कित्येक वर्षे कोणी वळून पाहत नाही. या काळात साधने मात्र पुष्कळ बदलली आहेत. रस्टमध्ये एप्रिल २०२२ च्या १.६० आवृत्तीपासून कंपायलरचेच कव्हरेज स्थिर झाले. गोच्या फेब्रुवारी २०२३ मधील १.२० आवृत्तीने पूर्ण बांधलेल्या प्रोग्रॅमचे कव्हरेज मोजण्याची सोय दिली. पायथॉन ३.१२ ने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरीक्षणाची नवी, हलकी यंत्रणा आणली, तर २०२४ मध्ये एलएलव्हीएम १८ (क्लँग हा कंपायलर याचाच भाग) आणि जीसीसी १४ या दोन्ही कंपायलर-संचांमध्ये अटींच्या पातळीवरचे मोजमाप उपलब्ध झाले. यातील फारच थोडे आपोआप पदरात पडते, कारण कॉन्फिगरेशन फाइल जुनीच राहिली तर साधन नवे असूनही मोजमाप बहुतांशी जुन्याच पद्धतीचे होते.

पुढील पायऱ्या एका निश्चित हेतूने लिहिल्या आहेत. कव्हरेजच्या रिपोर्टने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत: आज बदललेल्या कोडमधील कोणती ओळ एकदाही चालली नाही, जी चालली ती कोणत्या टेस्टने चालवली, आणि त्या टेस्टने तिथे खरोखर काही तपासले का. एकूण टक्केवारी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. मुख्य उदाहरण पायथॉनच्या कव्हरेज.पाय या साधनाचे घेतले आहे, कारण त्यातील पर्याय स्पष्ट आहेत आणि त्यांच्याशी मिळतीजुळती सोय इतर भाषांत बहुधा सापडते. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे. कोडमधील फाट्यांसाठी ‘शाखा’ आणि गिटमधील फाट्यांसाठी ‘ब्रँच’ असे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरले आहेत.

पहिली पायरी: आपले साधन मोजते कसे, हे समजून घ्या

मोजण्याच्या पद्धती ढोबळपणे चार आहेत आणि रिपोर्टमधील बहुतेक विचित्र आकड्यांचे मूळ पद्धतीतच असते. पहिल्या पद्धतीत मूळ कोडमध्येच मोजणीच्या सूचना घालून नवा कोड तयार केला जातो. जावास्क्रिप्टमधील इस्तंबूल असे काम करते आणि गोचे ‘कव्हर’ हे साधनही २०१३ च्या १.२ आवृत्तीपासून कोड पुन्हा लिहूनच मोजत आले. दुसऱ्या पद्धतीत बाइटकोड, म्हणजे मूळ कोडपासून तयार झालेला मधला यंत्रकोड, बदलला जातो. जावातील जाकोको वर्ग लोड होत असतानाच त्यात तपासबिंदू घालते आणि प्रत्येक बिंदूसाठी फक्त ‘चालला’ किंवा ‘चालला नाही’ एवढीच नोंद ठेवते. तिसऱ्या पद्धतीत कंपायलर स्वतः मोजणीयंत्रे घालतो. जीसीसीसोबतचे जीकॉव्ह आणि क्लँगचे सोर्स-आधारित कव्हरेज या गटात येतात. चौथ्या पद्धतीत भाषेचा रनटाइमच माहिती पुरवतो, जसे जावास्क्रिप्टच्या व्ही८ इंजिनमधील अंगभूत कव्हरेज किंवा पायथॉनचे ट्रेसिंग.

या वर्गीकरणाचा व्यवहारात उपयोग आहे. जाकोको वर्गाची ओळख त्याच्या बाइटकोडच्या चेकसमवरून (मजकुरातून काढलेल्या तपासणी-आकड्यावरून) ठरवते. त्यामुळे टेस्ट चालवताना एका बांधणीतील आणि रिपोर्ट काढताना दुसऱ्या बांधणीतील वर्ग वापरले, तर कोड तोच असूनही तो वर्ग न चाललेला दिसू शकतो. व्ही८ प्रत्यक्ष चाललेला जावास्क्रिप्ट कोड मोजते; मूळ फाइल टाइपस्क्रिप्टची असेल तर सोर्स मॅपमधून, म्हणजे तयार कोड आणि मूळ कोड यांची सांगड घालणाऱ्या फाइलीतून, परत फिरताना ओळी सरकू शकतात. व्हिटेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट साधनाने ३.२ आवृत्तीत एका प्रायोगिक पर्यायाद्वारे, वाक्यरचनेच्या झाडाच्या आधारे हे परतीचे जुळवणे सुधारले, म्हणून त्याआधीच्या आवृत्तीवर असलेल्यांनी मोकळ्या ओळी आणि बंद होणारे कंस ‘न चाललेले’ दिसत असतील तर आधी अपग्रेड करून तो पर्याय सुरू असल्याची खात्री करावी. जीकॉव्हसाठी ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनच बांधणी करावी, नाहीतर कंपायलरने एकत्र केलेल्या ओळींची मोजणी भरकटते. क्लँगची पद्धत मूळ कोडच्या रचनेवर आधारलेली असल्यामुळे तिला हा त्रास फारसा होत नाही.

दुसरी पायरी: वेग मोजा आणि मगच इंजिन बदला

कव्हरेज सुरू केल्यावर टेस्ट किती मंदावतात, हे अंदाजाने ठरवू नये. एकाच मशीनवर कव्हरेजशिवाय आणि कव्हरेजसह प्रत्येकी किमान तीनदा टेस्ट चालवून वेळ नोंदवावा आणि आवृत्ती बदलल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी.

पायथॉनमध्ये येथे मोठी सुधारणा झाली आहे आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ट्रेसिंग यंत्रणेत प्रत्येक ओळ चालताना इंटरप्रिटर कव्हरेज साधनाला हाक मारत असे. दहा लाख वेळा फिरणाऱ्या लूपमधील ओळ दहा लाख वेळा कळवली जाई, जरी साधनाला पहिल्या हाकेतच हवे ते कळलेले असे. पायथॉन ३.१२ मधील निरीक्षण यंत्रणेत साधन पहिल्या हाकेनंतर ‘या जागेची सूचना आता नको’ असे सांगू शकते आणि त्यानंतर ती ओळ जवळजवळ मूळ वेगाने चालते. कव्हरेज.पायच्या ७.४ आवृत्तीपासून ‘कव्हरेज_कोअर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘सिसमॉन’ हे मूल्य देऊन ही यंत्रणा निवडता येते. मात्र शाखांचे मोजमाप या मार्गाने करायचे असेल तर पायथॉन ३.१४ लागतो. त्याआधीच्या आवृत्त्यांवर शाखांचे मोजमाप आणि हा वेग एकत्र मिळत नाहीत. माझ्या मते अशा वेळी वेग सोडावा आणि शाखा ठेवाव्यात.

तिसरी पायरी: मोजणीचा पाया पूर्ण करा

टक्केवारीच्या छेदात काय आहे, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नये. एका प्रकल्पात चालवण्याजोग्या एक हजार ओळी आहेत, परंतु टेस्टने लोड केलेल्या फाइलींमध्ये त्यांपैकी सहाशेच येतात आणि त्यांतल्या पाचशे चाळीस चालतात, असे समजा. लोड न झालेल्या फाइली साधनाने विचारातच घेतल्या नाहीत तर रिपोर्ट ९० टक्के दाखवतो. खरे उत्तर ५४ टक्के आहे. ज्या मॉड्यूलसाठी कोणीच एकही टेस्ट लिहिली नाही, नेमके तेच मॉड्यूल रिपोर्टमधून गायब होते, म्हणजे सर्वांत धोक्याची जागा सर्वांत चांगली लपते.

कव्हरेज.पायमध्ये ‘सोर्स’ या पर्यायात आपल्या पॅकेजचे नाव किंवा फोल्डर द्यावे, म्हणजे न लोड झालेल्या फाइलीही शून्य टक्क्यांनी दिसतात. जावास्क्रिप्टच्या जेस्ट या टेस्ट साधनामध्ये ‘कलेक्ट-कव्हरेज-फ्रॉम’ या पर्यायात फाइलींचे नमुने द्यावे लागतात. गोमध्ये एका पॅकेजच्या टेस्ट मुळात त्याच पॅकेजचे कव्हरेज मोजतात. दुसऱ्या पॅकेजमधील कोड त्यांनी चालवला तरी तो धरला जात नाही, म्हणून ‘कव्हरपॅकेज’ पर्यायात संपूर्ण मॉड्यूल द्यावे. गोच्या १.२२ आवृत्तीपासून स्वतःची टेस्ट फाइल नसलेली पॅकेजेसही शून्य टक्क्यांसह यादीत येऊ लागली आहेत.

ही दुरुस्ती केल्यावर आकडा घसरणार आहे. ही घसरण वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल विलीन करण्याच्या विनंतीत), कारण लिहून आणि सहकाऱ्यांना आधी सांगून करावी. कोणाचे काम बिघडले असा समज होऊन जुनी मांडणी परत आणली गेल्याचे मी पाहिले आहे.

चौथी पायरी: ओळींवरून शाखांवर या

एक लहान फंक्शन घेऊ. ते या लेखाच्या शेवटीही उपयोगी पडेल. फाइल स्वीकारायची की नाही, हे ते ठरवते. पहिल्या ओळीत मर्यादा दहा ठरते. दुसऱ्या ओळीत वापरकर्ता प्रशासक आहे का हे पाहिले जाते आणि असेल तर तिसऱ्या ओळीत मर्यादेला दोनने गुणले जाते. चौथी ओळ आकार मर्यादेइतका किंवा तिच्याहून लहान आहे का, याचे उत्तर परत देते. प्रशासकाने आकार पाचची फाइल पाठवली, एवढी एकच टेस्ट लिहिली तरी चारही ओळी चालतात आणि ओळींचे कव्हरेज १०० टक्के होते. सामान्य वापरकर्त्याचा मार्ग, म्हणजे जो मार्ग प्रत्यक्षात बहुतेक वेळा घेतला जाणार आहे, तो एकदाही चाललेला नसतो.

कव्हरेज.पायच्या कॉन्फिगरेशनमध्ये शाखांचा पर्याय सुरू केला की दुसरी ओळ ‘अंशतः चाललेली’ म्हणून पिवळी दिसते आणि तिच्यावरून थेट चौथ्या ओळीवर जाणारी उडी झाली नाही, असे रिपोर्ट सांगतो. येथे आकड्याचा अर्थही बदलतो: चाललेल्या विधानांमध्ये चाललेल्या शाखा मिळवल्या जातात आणि त्या बेरजेला एकूण विधाने व एकूण शाखांच्या बेरजेने भागले जाते. म्हणून शाखा सुरू करण्याआधीची आणि नंतरची टक्केवारी एकाच आलेखावर जोडू नये.

शाखांच्या मोजमापालाही मर्यादा आहे. पायथॉनमध्ये ही मोजणी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर होणाऱ्या उडीची असते, त्यामुळे एकाच ओळीतील ‘अ आणि ब’ अशा जोडअटीच्या आत काय घडले ते दिसत नाही. जाकोको बाइटकोडवर काम करत असल्याने अशाच अटीसाठी दोनऐवजी चार शाखा मोजते. जावाचा रिपोर्ट अधिक कठोर वाटण्याचे हे एक कारण आहे आणि दोन भाषांमधील टक्केवारीची तुलना न करण्याचेही.

जिथे चुकीची किंमत फार मोठी असते, तिथे याहूनही बारीक मोजमाप लागते. विमानातील सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या मानकातील सर्वोच्च ‘अ’ पातळीवर एमसीडीसी हा निकष पूर्ण करावा लागतो. जोडअटीतील प्रत्येक अट एकटी बदलल्याने निकाल बदलतो, हे दाखवणे म्हणजे एमसीडीसी. ‘(अ आणि ब) किंवा क’ ही अट घेतली तर सर्व शक्यता आठ होतात, परंतु चार टेस्ट पुरतात. अ आणि ब खरे व क खोटे असताना निकाल खरा येतो. केवळ अ खोटा केला तर निकाल खोटा, केवळ ब खोटा केला तरीही खोटा. ब खोटाच ठेवून, अ खरा असताना क खरा केला की निकाल पुन्हा खरा होतो. अटींची संख्या वाढते तसा हा फरक झपाट्याने वाढतो, कारण शक्यता दुप्पट होत जातात तर एमसीडीसीसाठी लागणाऱ्या टेस्टची किमान संख्या अटींपेक्षा एकाने जास्त असते.

हे मोजणारी साधने पूर्वी बहुधा महाग आणि बंदिस्त असत. आता क्लँगमध्ये ‘एफ-कव्हरेज-एमसीडीसी’ आणि जीसीसीमध्ये ‘एफ-कंडिशन-कव्हरेज’ हा पर्याय मुक्तपणे मिळतो. संपूर्ण प्रकल्पावर तो लावण्याचा सल्ला मी देणार नाही. परवानग्या तपासणारा कोड, प्रोटोकॉलचे विश्लेषण करणारा कोड आणि यंत्रे नियंत्रित करणारा कोड एवढ्यावर लावला तरी पहिल्याच दिवशी उपयुक्त माहिती हाती येते. एसक्यूलाइट हे डेटाबेस इंजिन आपल्या गाभ्याची चाचणी याच निकषाने करते. म्हणजे विमानाबाहेरही हे शक्य आहे.

पाचवी पायरी: हरवलेला डेटा परत मिळवा

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ वाया जातो तो येथे. एका प्रकल्पात पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रक्रियेचे मॉड्यूल सतत शून्य टक्के दिसत होते आणि आम्ही दोन दिवस त्यासाठी टेस्ट लिहिल्या. शेवटी असे निघाले की टेस्ट आधीपासूनच होत्या आणि त्या चालतही होत्या. फक्त ती प्रक्रिया टेस्ट संपताच सक्तीने बंद केली जात होती आणि कव्हरेजचा डेटा डिस्कवर लिहिला जाण्याआधीच नष्ट होत होता. बहुतेक साधने डेटा मेमरीत गोळा करून प्रक्रिया व्यवस्थित संपताना लिहितात. म्हणून एखादी मोठी फाइल रिपोर्टमध्ये पूर्ण लाल, म्हणजे न चाललेली, दिसली, तर टेस्ट लिहायला बसण्यापूर्वी तिच्यातील एका ओळीवर मुद्दाम अपवाद फेकून पाहावा. टेस्ट फुटली तर कोड चालतो आहे आणि दोष मोजणीत आहे. टेस्ट हिरव्याच राहिल्या, म्हणजे यशस्वी झाल्या, तरी निष्कर्षाची घाई करू नये, कारण उपप्रक्रियेतील अपवाद मुख्य टेस्टपर्यंत पोहोचत नसेल. तिचा लॉगही पाहावा.

कव्हरेज.पायमध्ये यासाठी चार गोष्टी एकत्र कराव्या लागतात. ‘पॅरलल’ पर्याय सुरू केल्यास प्रत्येक प्रक्रिया स्वतःच्या वेगळ्या फाइलीत डेटा लिहिते, नाहीतर त्या एकमेकींचा डेटा पुसतात. उपप्रक्रियांमध्ये मोजणी सुरू होण्यासाठी पूर्वी पायथॉनच्या सुरुवातीच्या फाइलींमध्ये हाताने बदल करावा लागे, ७.१० आवृत्तीपासून ‘पॅच’ या पर्यायात ‘सबप्रोसेस’ लिहिले की ते काम साधनच करते. प्रक्रिया बंद होण्याचा संकेत मिळाल्यावर डेटा लिहून घेण्यासाठी ‘सिगटर्म’ पर्याय सुरू करावा. पूर्ण सक्तीने मारलेल्या प्रक्रियेचा डेटा मात्र कोणत्याही पर्यायाने वाचत नाही, म्हणून टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच आधी सौम्य संकेत आणि काही सेकंद थांबणे ठेवावे. शेवटी ‘कम्बाइन’ आदेशाने सर्व फाइली एकत्र कराव्यात. टेस्ट वेगवेगळ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये चालत असतील तर तिथले मार्ग वेगळे असतात, आणि एकच फाइल दोन नावांनी रिपोर्टमध्ये येते. ‘पाथ्स’ विभागात कोणते मार्ग समान मानायचे ते लिहिले की ही अडचण सुटते.

गोमध्ये प्रोग्रॅम ‘कव्हर’ पर्यायासह बांधून, ‘गोकव्हरडिर’ या व्हेरिएबलमध्ये फोल्डर देऊन तो नेहमीसारखा चालवता येतो. जमा झालेला डेटा ‘कव्हडेटा’ या उपसाधनाने एकत्र करता येतो. संपूर्ण सर्व्हर चालवून केलेल्या एकात्मिक चाचण्यांचे कव्हरेज यामुळे सहज मिळते. क्लँगमध्ये डेटाफाइलच्या नावात प्रक्रिया क्रमांकाचे चिन्ह घालावे, म्हणजे फाइली एकमेकींवर लिहिल्या जात नाहीत. जीकॉव्हसोबत अनेक थ्रेड असलेला प्रोग्रॅम मोजायचा असेल तर मोजणीची नोंद अणुस्वरूपात, म्हणजे मध्ये कोणी लुडबूड करू शकणार नाही अशी, करण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर दोन थ्रेड एकाच वेळी लिहिताना आकडे चुकतात.

सहावी पायरी: कोणती टेस्ट कुठे पोहोचते, ते नोंदवा

ओळ रिपोर्टमध्ये हिरवी, म्हणजे चाललेली, आहे एवढ्याने फारसे कळत नाही. ती पन्नास टेस्टनी चालवली की सर्व्हर सुरू होताना ओघाने चालली, यात फार मोठा फरक आहे. कव्हरेज.पायच्या २०१९ मधील ५.० आवृत्तीने डेटा एसक्यूलाइटच्या फाइलीत ठेवायला सुरुवात केली आणि त्यासोबत प्रत्येक ओळीशी टेस्टचे नाव जोडण्याची सोय आली; या नावाला तिथे ‘संदर्भ’ म्हणतात. पायटेस्टचे कव्हरेज प्लगइन वापरत असल्यास संदर्भाच्या पर्यायात ‘टेस्ट’ असे मूल्य द्यावे आणि एचटीएमएल रिपोर्ट काढताना संदर्भ दाखवण्याचा पर्याय सुरू करावा. मग प्रत्येक ओळीच्या शेजारी तिला चालवणाऱ्या टेस्टची यादी उघडता येते.

येथे दुसऱ्या पायरीशी एक विरोध आहे. नवी जलद यंत्रणा पहिल्या भेटीनंतर ओळीची सूचना बंद करते, तर संदर्भ नोंदवण्यासाठी प्रत्येक टेस्टमधली भेट कळावी लागते. म्हणून संदर्भांसह चालवताना ‘सीट्रेस’ हे जुने इंजिन स्पष्टपणे निवडावे. पुल रिक्वेस्टवर जलद मोजणी आणि रात्री एकदा संदर्भांसह संपूर्ण मोजणी, ही विभागणी सोयीची पडते.

या यादीचा सर्वांत चांगला उपयोग कोड बदलण्यापूर्वी होतो. ज्या ओळीला फक्त एक भलीमोठी एकात्मिक टेस्ट स्पर्श करते, ती ओळ बदलण्याआधी तिच्यासाठी लहान टेस्ट लिहावी. बदलाशी संबंधित टेस्ट निवडून आधी चालवण्यासाठीही ही माहिती वापरता येते, पण विलीन करण्यापूर्वी सर्व टेस्ट चालवणे सोडू नये. कॉन्फिगरेशन किंवा डेटाफाइलीतील बदल कव्हरेजच्या नोंदीत दिसत नाहीत.

सातवी पायरी: वगळण्याचे नियम लिहून ठेवा

मोजणीतून काही कोड वगळणे योग्यच असते: आपोआप तयार झालेला कोड, केवळ दोषशोधनासाठीचे मजकूर, कधीही न पोहोचण्याची हमी असलेल्या जागा. जाकोकोच्या ०.८ मालिकेने कंपायलरने घातलेला बराचसा कोड आपणहून गाळायला सुरुवात केली आणि ०.८.३ पासून ‘जनरेटेड’ हा शब्द नावात असलेले ॲनोटेशन लावलेले वर्ग व मेथडही ते वगळते; मात्र ते ॲनोटेशन वर्गाच्या फाइलीत टिकणारे असावे लागते. कव्हरेज.पायमध्ये एक जुना सापळा आहे. ‘एक्सक्लूड-लाइन्स’ मध्ये आपले नमुने लिहिले की साधनाचे मूळचे नमुने पुसले जातात आणि ‘नो कव्हर’ ही नेहमीची टिप्पणीदेखील काम करेनाशी होते. ७.२ आवृत्तीतील ‘एक्सक्लूड-ऑल्सो’ मूळ नमुन्यांत भर घालतो, म्हणून तोच वापरावा. प्रत्येक वगळणीशेजारी एका वाक्यात कारण असलेच पाहिजे.

आठवी पायरी: अट एकूण टक्केवारीवर न घालता बदलावर घाला

शंभर ओळींच्या प्रकल्पात ऐंशी ओळी चालतात, म्हणजे ८० टक्के. आता एखाद्याने उत्तम टेस्ट असलेला पण अनावश्यक झालेला वीस ओळींचा कोड काढून टाकला. उरलेल्या ऐंशींपैकी साठ ओळी चालतात, म्हणजे ७५ टक्के. ज्याने प्रकल्प स्वच्छ केला त्याचीच पुल रिक्वेस्ट अडते. उलट मोठ्या प्रकल्पात टेस्ट नसलेल्या पन्नास नव्या ओळी घातल्या तरी एकूण आकडा हलत नाही आणि त्या निर्विघ्न आत जातात. एकूण टक्केवारीची अट चुकीच्या माणसाला अडवते आणि चुकीच्या बदलाला वाट देते, म्हणून ती मुख्य अट म्हणून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना दिशादर्शक आकडा हवाच असेल त्यांच्यासाठी गूगलच्या टेस्टिंग विभागाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली विभागणी आहे: ६० टक्के स्वीकारार्ह, ७५ प्रशंसनीय आणि ९० अनुकरणीय.

बदललेल्या ओळींचे कव्हरेज मोजण्यासाठी ‘डिफ-कव्हर’ हे साधन सोपे आहे. कव्हरेज.पाय, जाकोको किंवा इतर साधनाने दिलेला एक्सएमएल रिपोर्ट त्याला द्यावा, तुलनेची ब्रँच सांगावी आणि किमान मर्यादा ठरवावी. सीआयमध्ये ते पहिल्यांदा बसवताना बहुधा एकच अडचण येते: सीआय वेळ वाचवण्यासाठी गिटचा इतिहास उथळ आणते, त्यामुळे दोन ब्रँचचा समान पूर्वज सापडत नाही आणि साधन थांबते. इतिहास पूर्ण आणण्याचा पर्याय दिल्यास हे सुटते. सी आणि सी++ साठी एलकॉव्हच्या २.० आवृत्तीत फरकाधारित कव्हरेज आले आहे. नव्या ओळीत टेस्ट नाही आणि जुन्या, न बदललेल्या ओळीचे कव्हरेज हरवले, या दोन वेगळ्या गोष्टी ते वेगळ्या गटांत दाखवते. दुसरा गट अधिक लक्षपूर्वक वाचावा, कारण तिथे बहुधा कोणती तरी टेस्ट नकळत बंद पडलेली असते.

मर्यादा किती ठेवावी? बदललेल्या ओळींसाठी ८० ते ९० टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि समीक्षकाला कारण नोंदवून अट ओलांडण्याची मुभा द्यावी. शंभर टक्क्यांची सक्ती केली की काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात.

रिपोर्ट बाहेरील सेवेवर पाठवत असाल तर त्या पायरीकडे सुरक्षेच्या नजरेने पाहा. २०२१ मध्ये एका लोकप्रिय कव्हरेज सेवेची अपलोड स्क्रिप्ट हल्लेखोरांनी बदलली आणि ती चालवणाऱ्या सीआयमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर पाठवली जात राहिली. इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट चालवू नये. आवृत्ती पक्की करावी, चेकसम तपासावा आणि अपलोडचे काम अशा वेगळ्या जॉबमध्ये ठेवावे ज्याला प्रकाशनाच्या किंवा सर्व्हरच्या किल्ल्या दिसतच नाहीत.

नववी पायरी: हिरव्या ओळींची परीक्षा घ्या

कव्हरेज साधन ओळ चालली हे जाणते. तिचा निकाल कोणी तपासला का, हे त्याला कळत नाही. वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये जावाच्या मोठ्या प्रकल्पांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की टेस्टची संख्या समान ठेवली तर कव्हरेज आणि दोष पकडण्याची क्षमता यांचा संबंध फार घट्ट राहत नाही. ही उणीव म्युटेशन टेस्टिंगने भरून निघते. साधन कोडमध्ये एक छोटा बदल करते, टेस्ट चालवते आणि एकही टेस्ट फुटली नाही तर तो बदल ‘जिवंत राहिला’ असे कळवते. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथॉनसाठी म्यूटमट आणि रस्टसाठी कार्गो-म्यूटंट्स ही साधने प्रचलित आहेत.

संपूर्ण प्रकल्पावर हे चालवल्यास वेळ फार लागतो आणि शेकडो निकाल पाहून कोणीही कंटाळते. येथे आधीच्या पायऱ्यांची मेहनत उपयोगी येते. न चाललेल्या ओळीत बदल करून पाहण्यात अर्थ नसतो, कारण तो जिवंत राहणारच. म्हणून ही परीक्षा कव्हरेज असलेल्या ओळींपुरती आणि त्यातही चालू बदलापुरती ठेवावी. कार्गो-म्यूटंट्सला गिटमधील फरकाची फाइल थेट देता येते. पिट आधी कव्हरेज मोजून प्रत्येक बदलासाठी केवळ संबंधित टेस्ट चालवते.

चौथ्या पायरीतील फंक्शनवर हे करून पाहू. सामान्य वापरकर्त्याचीही टेस्ट आता जोडली आहे, दोन्ही टेस्टमध्ये आकार पाच आहे, आणि ओळी व शाखा दोन्ही १०० टक्के आहेत. साधनाने ‘मर्यादेइतका किंवा लहान’ या तुलनेचे ‘मर्यादेपेक्षा लहान’ असे केले, तरी दोन्ही टेस्ट हिरव्याच राहतात. दोनने गुणण्याऐवजी तीनने गुणले, तरीही हिरव्याच. म्हणजे या फंक्शनचा जो एकमेव हेतू आहे, मर्यादा पाळणे, तोच कोणी तपासलेला नाही. आता सामान्य वापरकर्त्यासाठी आकार दहा स्वीकारला जातो आणि अकरा नाकारला जातो, तसेच प्रशासकासाठी वीस स्वीकारला जातो आणि एकवीस नाकारला जातो, अशा चार टेस्ट लिहाव्यात. पहिला बदल दहाच्या टेस्टने पकडला जातो. दुसरा बदल मर्यादा तीसपर्यंत नेत असल्यामुळे एकवीसच्या टेस्टने पकडला जातो. आकार पाचच्या त्या दोन जुन्या टेस्ट यानंतर काढून टाकल्या तरी चालेल, कारण या चार टेस्ट त्याच सर्व ओळी आणि त्याच दोन्ही शाखा चालवतात.

काही जिवंत बदल मात्र निरुपद्रवी निघतात, कारण त्यांनी वर्तन मुळात बदललेलेच नसते. असा बदल ओळखल्यावर तो कारणासह साधनाच्या वगळणीत नोंदवावा आणि पुढच्या निकालाकडे वळावे. त्याच्यासाठी ओढूनताणून टेस्ट लिहू नये.